सहा काजं आणि दोन बाह्यांचं अंतर

कुठलंही अंतर विचारा, शिंपीकाका किलोमीटर सांगत नाहीत, काम सांगतात. बाजार एका पायजम्यावर, लेकीचं घर दोन झबल्यांवर. पुतण्याच्या लग्नाला विमानाने जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तिकीट नाकाशी धरून वाचलं. निघायचं सकाळी नऊला, पोचायचं दुपारी तीनला.

"सहा तास," काका म्हणाले. "कोटाची सहा काजं, दोन तास. दोन बाह्यांची अस्तरं, तीन तास. एक तास चहाला. विमान टेकायच्या आत कोट तयार."

"घरीच उरका की," काकू म्हणाल्या.

"चाळीस वर्षं शिवतोय मी. मला नको शिकवूस."

कोट नवऱ्या मुलाचाच होता. पुतण्याला वडील नव्हते. "काका, लग्नात तुमच्या हातचा कोट घालणार," एवढंच त्याने मागितलं होतं. आणि लग्न त्याच दिवशी चारला होतं.

विमानात कात्री चालत नाही, म्हणून काका दोरा दातांनी तोडत होते. दोन तासांत सहाही काजं झाली. मग त्यांनी अर्धा तास ऐटीत चहा घेतला आणि उजवी बाही हातात धरली. ती निम्मी होते न होते तोच घोषणा झाली, आपण खाली उतरत आहोत.

काकांच्या घड्याळात बारा वाजले होते. त्यांच्या चेहऱ्यावरही.

"अगं, मध्येच उतरतंय. इंजिन गेलं वाटतं."

ही बातमी शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत दोन्ही इंजिनं गेली होती आणि एक पंख हलत होता. हवाईसुंदरी धावत आली.

"काका, त्या देशातली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत. प्रवास साडेतीन तासांचाच आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काका तेवढे रडकुंडीला आले. "पडलं असतं तर निदान कोटाचं कुणी विचारलं नसतं," ते पुटपुटले. अख्खी डावी बाही शिल्लक होती.

खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या बाई सावरून बसल्या. "ती बाही द्या इकडे."

"तुम्ही शिवता?"

"सर्जन आहे. फरक एवढाच, माझं गिऱ्हाईक झोपलेलं असतं."

काकूंनी दुसरी सुई ओवून दिली. एकाच कोटाला दोघं दोन बाजूंनी भिडले. काका घाईने लांब लांब टाके टाकत होते, बाईंचा हात मात्र एका लयीत चालला होता. चाकं टेकली तेव्हा त्यांनी दोन पिळांची शेवटची गाठ मारली.

"अपेंडिक्स याहून लवकर होतं," त्या म्हणाल्या. "आणि हो, मी घातलेले टाके सात दिवसांनी काढतात. हे काढू नका."

उपकार कसे फेडू, हे काका विचारेपर्यंत बाई बॅग उचलून गेल्यासुद्धा.

चारला पुतण्या कोट घालून उभा राहिला, अगदी बापासारखा. त्याने काकांना घट्ट मिठी मारली आणि आतून चर्र असा आवाज आला. उजव्या बाहीचं अस्तर मनगटापाशी बाहेर लोंबू लागलं. डावी बाही जागची हलली नाही.

आता काका प्रत्येक बाहीला बाईंची ती गाठ मारतात आणि दर वेळी मनापासून त्यांचे आभार मानतात. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर मात्र सांगतात, आमच्या घराण्याची आहे.