बाकीच्या सात विहिरी

बिराजदार सर लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी विहीर बघायचे. पिशवीत फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी, तिच्या टोकाला तराजूतलं जुनं वजन. इकडं अक्षता पडत असायच्या आणि हा माणूस काठावर वाकून गाठी मोजत असायचा. यजमान म्हणाला, "पाणी लई हाय बघा सर," की यांचं ठरलेलं उत्तर, "मोजल्याबिगर बोलू नका."

आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे. मी प्राचार्य होतो. शिकवलेलं रानात उतरलं का, हे ते पेपर तपासून ठरवत नसत. दहा विद्यार्थ्यांना त्यांनी घरच्या रानात बांध घालायला, वाहून जाणारं पाणी विहिरीजवळ मुरवायला लावलं. मग दर महिन्याला मोटारसायकलवरून जाऊन त्या दहा विहिरी मोजल्या. पोरं पास होऊन पुण्याला गेली, तरी यांची फेरी चुकली नाही.

पुढं कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची ठरली. आपल्या शिक्षणानं, संशोधनानं परिसराचं काय भलं झालं, ते आकड्यांत दाखवायचं होतं. सरांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. तीन विहिरींचं पाणी वाढलं होतं, सातांचं खाली गेलं होतं. शेजारी बोअर पाडत सुटले तर बांध कुठवर पुरणार, हेही त्यात लिहिलेलं. मी अहवालात तीनच विहिरी घातल्या. समिती आली त्या दिवशी समितीतल्याच एका पाहुण्यांच्या घरच्यांना दर्शन घडवायला म्हणून सरांना तुळजापूरला पाठवून दिलं.

श्रेणी चांगली मिळाली. सत्कारात मी सरांना शाल घालत होतो, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "सर, बाकीच्या सात कुठं गेल्या?"

"फॉर्मात रकानाच नव्हता," मी म्हणालो.

रकाना होता. चांगला अर्ध्या पानाचा होता.

दुसऱ्या दिवसापासून सर त्या शालीत दोरी गुंडाळू लागले. मला तो टोमणा वाटला. तसं काही नव्हतं. दोरी ओली असायची, इतकंच.

दोघंही निवृत्त झालो. परवा सास्तूरला नातेवाइकांकडं गेलो, तर रानात सर विहिरीवर वाकलेले. विहीर त्या सातांतली. विद्यार्थ्याची म्हातारी आई भाकरी झाकून त्यांची वाट बघत बसली होती. "पोरगा दिवाळीला येतंय," ती मला म्हणाली, "सर म्हैन्याला येत्यात."

आता कुणासाठी मोजता, असं मी सरांना विचारलं.

"पाणी वाढलेल्या तिघांकडं जात नाही आता," ते म्हणाले. "त्यांचं त्यांना दिसतंय. खाली गेलेल्यांकडं कुणीतरी जायला पाहिजे की."

मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. मोतीबिंदू झालेला, गाठी बोटांना कळत होत्या, पण लिहिलेलं दिसत नव्हतं.

"लिहा सर," ते म्हणाले. "रकाना आखलेला आहे."

मी लिहिलं: दोन गाठी खाली.