काजव्यांनी जुळवलेल्या नजरा

मुलांनो, मांडी घालून बसा, आणि एकमेकांकडे बघू नका. का, ते कळेलच.

एका जंगलात विहिरीवर वाकलेली दाट बाभूळ होती. तिच्या सावलीत सदोबा आणि वेणू हे सुगरण पक्ष्यांचं नवं जोडपं घरटं विणत होतं. वेणूला लवकरच अंडी घालायची होती, आणि वाऱ्याचे दिवस जवळ आले होते.

सदोबा बाहेरून काडी खुपसायचा, वेणू आतून ओढायची.

“अगं, इथे.”

“इथे म्हणजे कुठे?”

यातच सकाळ जायची.

घुबडरावांनी उपाय आणला. शिकवून तयार केलेले दोन काजवे, प्रत्येकाला एक.

“तुम्ही बघाल तिथे तुमचा काजवा जाऊन बसेल. बोलायची गरजच नाही.”

वेणू मुळातच कमी बोलायची. तिला हे फार आवडलं. आणि खरंच, काम सरसर होऊ लागलं.

मग एकदा वेणूचा काजवा वरच्या गाठीवर जाऊन बसला. सगळं घरटं त्या गाठीवर लटकत होतं. गाठ सदोबाने बांधली होती. काजवा काही हलेना.

“काय झालं?”

“काही नाही. सहज.”

“सहज इतका वेळ? ती गाठ आईने शिकवलीय मला.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“तू नाही, काजव्याने म्हटलं.”

वेणूने नजर वळवली, तर सदोबाचा काजवा समोरच्या फांदीवर, सासूबाईंच्या दारात.

“अहो, तुमचा तिथे काय करतोय?”

“वारा कुठून येतो ते बघतोय.”

“आईंच्या घरातून येतो वाटतं.”

त्या दिवसापासून दोघंही शहाणी झाली. सदोबा समोरच्या काडीवरून नजर हलवीना. वेणू तळाची सुबक वीण कौतुकाने न्याहाळत राही. नजर गाठीकडे जायला लागली, की ती डोळेच मिटून घेई.

घुबडराव इतर जोडप्यांना घेऊन आले. “बघा, एकही काजवा भरकटत नाही. याला म्हणतात संसार.”

तेवढ्यात वारा सुटला. वर काहीतरी करकरलं. दोघांनी एकदमच मान वर केली, आणि दोन्ही काजवे सुटत चाललेल्या गाठीवर शेजारी शेजारी जाऊन बसले. पहिल्यांदाच.

घरटं विहिरीत पडलं. अंडी अजून वेणूच्या पोटातच होती, एवढं नशीब.

“तुला माहीत होतं?” सदोबाने विचारलं.

“हो.”

“मग सांगायचं नाही?”

“काजव्याने सांगितलं होतं की.”

सदोबा उडून गेला आणि नवी काडी घेऊन आला.

“अगं, इथे धर.”

“इथे म्हणजे कुठे?” वेणू म्हणाली, आणि सरकून त्याच्याजवळ बसली.

तात्पर्य: जोडीदार कुठे बघतो, हे कळायलाच हवं. म्हणजे तो तिथे बघायचं बंद करतो.