गाडी बंद करायची नाही

"टॅक्सी मी रद्द केली आहे," शरच्चंद्र मेहेंदळ्यांनी सकाळी साडेसातला जाहीर केलं. "दारात स्वतःची गाडी असताना दवाखान्यात भाड्याच्या गाडीने जायला आपण काय परगावचे आहोत?"

मंदाकिनीबाई काठी आणि एक्सरेचं पाकीट घेऊन तयार बसल्या होत्या. आज त्यांचा उजवा गुडघा बदलायचा होता. सर्जन मुंबईहून महिन्यातून एकदाच येत. नऊच्या आत दाखल झालं नाही, तर नंबर पुढच्या महिन्यावर. आणि बाईंनी आधीच सहा वर्षं कळा सोसत काढली होती.

ती सहा वर्षं शरच्चंद्रांच्या तत्त्वापायी गेली. "मूळचा माल तो मूळचा. नव्याची काय गॅरंटी?" हे तत्त्व बायकोच्या गुडघ्याला तेल आणि पट्ट्याच्या रूपाने लागू झालं. त्याच सहा वर्षांत गाडीला नवा क्लच, नवा रेडिएटर, नवे स्प्रिंगचे पाटे आणि नवी सीट मिळाली. गाडी बहात्तर सालची. ती मिळावी म्हणून शरच्चंद्रांनी नंबर लावून आठ वर्षं वाट पाहिली होती. बायको मात्र एका दुपारच्या चहापोह्यांत पसंत पडली होती. तेव्हा किंमत कशाची जास्त, हे उघड आहे.

मुलगी हेमा नागपूरला असे. "बाबा, त्या गाडीत आता जुनं काय उरलंय?" असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नंबर. आणि तुझी नवी गाडी बिघडली की तू काय करतेस? बॉनेट उघडून नमस्कार करतेस आणि कंपनीला फोन लावतेस. माझी मी दुरुस्त करतो." यात खोटं काहीच नव्हतं. काही माणसं खरं बोलूनच घरच्यांना छळतात.

आज किल्ली फिरवताच गाडीने दोनदा खोकून मान टाकली.

"बॅटरी उतरली. धक्का मारावा लागेल," शरच्चंद्र स्टिअरिंगवरूनच म्हणाले.

"कोण मारणार?"

वॉचमन चहाला गेला होता. "मीच मारला असता गं, पण हिचा क्लच दुसऱ्याच्या पायाला कळत नाही."

"आणि माझा गुडघा?"

"नाहीतरी आज काढूनच टाकायचाय ना."

मंदाकिनीबाईंनी काठी मागच्या सीटवर टाकली आणि धक्का मारला. सहकारनगरचा तो रस्ता उताराचा, म्हणून तरी गाडी हलली, धूर सोडून चालू झाली आणि बाईंना मागे ठेवून पुढे निघून गेली.

"आता थांबलो तर बंद पडेल," खिडकीतून आवाज आला. "मी बागेला चक्कर मारतो, तू चालत्या गाडीत चढ."

पहिल्या चकरेत बाईंचा हात दाराला लागला. दुसऱ्या चकरेत दार उघडलं, पण पाय उचलला नाही. "जरा चपळाई दाखव," असं सांगून शरच्चंद्र तिसऱ्या चकरेला गेले.

तिसऱ्या मजल्यावरून कुसुम गोखले दात घासत पाहत होती. "काका, काकूंना घ्यायचं राहिलंय."

"दिसतंय मला. सूचना नकोत."

खाली मात्र कुणी उतरलं नाही. सकाळची वेळ, लोकांना कामं असतात.

तेवढ्यात मार्केट यार्डात भाजी टाकून परतणारी एक रिक्षा थांबली. "आज्जी, कुटं जायचंय?" रिक्षावाल्या दत्तोबाने विचारलं आणि सीटवरची मेथीची पानं पंच्याने झटकली. त्याने बाईंना दंडाला धरून अलगद आत बसवलं. गुडघा टम्म सुजला होता. बाईंनी दवाखान्याचं नाव सांगितलं. मागून गाडीचा हॉर्न ऐकू येत होता.

नऊला दहा कमी असताना त्या दत्तोबाच्या आधाराने काउंटरपाशी पोहोचल्या. नर्सने फॉर्म पुढे केला. "नातेवाइकाची सही लागेल. यजमान आले नाहीत?"

"आलेत. फाटकाबाहेर गाडीत आहेत."

नर्स लगबगीने बाहेर गेली. फाटकावर दवाखान्याचा वॉचमन इंजिन बंद करायला सांगत होता आणि शरच्चंद्र त्याला ते का बंद करता येणार नाही, हे समजावून देत होते. "अहो, कागद इथेच आणा," ते नर्सला म्हणाले. "हिला अशी सोडून मी आत येऊ शकत नाही."

"सही आत, माझ्यासमोर करावी लागते, आजोबा."

"मग थोडं थांबा. बॅटरी चार्ज होतेय."

नर्स एकटीच परत आली. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. दत्तोबा बाईंचं एक्सरेचं पाकीट हातात धरून अजून उभाच होता. त्याने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मी करू का सही? पर मराठीतच येती."

"चालेल," नर्स म्हणाली. त्याने सावकाश, अक्षर जुळवत सही केली. "आता इथे नातं लिहायचंय. काय लिहू, आजी?" नर्सने विचारलं.

मंदाकिनीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर धूर येत होता.

"लिहा, हात धरून आणलं."

"आजी, असं नातं नसतं."

"माहीत आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "लग्नाला पन्नास वर्षं झाली माझ्या."