नानांची नाडीपरीक्षा

शंकरनाना संगणकाची नाडी बघतात. डब्यावर पालथा हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मालकाला विचारायचं, "कवापासनं हाय ह्ये?"

भरे गावातल्या आमच्या वाचनालयाचा संगणक बंद पडला, तेव्हा मी त्यांनाच गाठलं. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्यांचा सगळा जन्म मेंटेनन्समध्ये गेलेला. ओढ्याकडे जाणारी गावाची वाट एका फार्महाऊसवाल्याने तारा ठोकून बंद केली होती. शनिवारी ग्रामसभा, आणि त्याआधी माझं पत्रक घरोघर पोचायलाच हवं होतं. चोरीची ऑपरेटिंग सिस्टीम मी वापरत नाही. म्हणून कुणाच्याही मालकीची नसलेली, फुकट मिळणारी सिस्टीम सीडीवर आणली होती. संगणक त्या सीडीकडे ढुंकून बघेना.

"तत्त्व ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "आधी सीडी बघ, मंग हार्डडिस्क, आसं त्याला कुनी सांगितलंय का?"

ते त्यांनी सांगितलं. कोणती कळ दाबली ते मला दिसू नये म्हणून कीबोर्डवर टोपी धरून. सीडी फिरू लागली. निम्म्यात वीज गेली. परत आली, तर संगणक सीडीला ओळखच देईना. पुन्हा नाना, पुन्हा टोपी. बुधवारपर्यंत हेच. दर वेळी मी चहा करायची, ते कारखान्यातल्या कंप्रेसरच्या गोष्टी सांगायचे, आणि दुसरा कप झाल्याशिवाय उठायचे नाहीत.

गुरुवारी माझं लक्ष पडद्यावरच्या तारखेकडे गेलं. वीस वर्षांपूर्वीची.

"नाना, वीज गेली की ह्यो तारीख पण इसरतोय. आतला सेल संपलाय ना?"

"व्हय."

"तुमाला कवा कळलं?"

"सोमवारीच."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत बटणाएवढा कोरा सेल.

"बसवनारच हुतो," ते टोपी झटकत म्हणाले. "पोरगा जांब्याला ऱ्हायला गेला. घरातला टीव्ही बी बिगडंना."

गावाच्या हक्कांवरचं भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. नानांनी सेल बसवला, आणि कळही दाखवली. टोपीशिवाय.

पत्रक निघालं. शनिवारी तारा काढायचा ठराव झाला.

रविवारी सकाळी नऊला नाना वाचनालयाच्या दारात. आत आले, डब्यावर पालथा हात ठेवला.

"बरा हाय न्हवं आता?"

माझ्या पत्रकांत आजवर एक खोटा शब्द गेलेला नाही.

"कुटं, नाना," मी चहाचं आधण ठेवत म्हटलं, "अजून कणकण हाय त्याला."