पाच फुटी पाटीचे वीस धनी

गणित माझं कधी चुकलं नाही. चुकतात ती माणसं! हे आधीच ठणकावून सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून कोणी दात काढायला नकोत.

माझ्या ताईचं नावाच्या पाट्यांचं दुकान आहे. दारावरच्या पितळी पाट्या. ताई गल्ल्यावर बसते, मी आत बसून अक्षरं कोरतो. एके दिवशी एक दातांचे डॉक्टर आले.

"नुसतं नाव हवं," ते म्हणाले. "पदवी नको, पत्ता नको. या शहरात या नावाचा मी एकटाच आहे!"

आणि माप सांगून गेले, साठ बाय पंचवीस.

आता आमच्या दुकानात माप म्हणजे इंच. त्यांच्या डोक्यात सेंटिमीटर होते, हा काय माझा गुन्हा? मला वाटलं, माणसाला स्वतःचं एवढं कौतुक आहे, तर दारही तसंच असेल! आठवडाभर खपून मी पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद पाटी कोरली. न्यायला आलेल्या डॉक्टरांनी असा आ वासला, की त्यांच्या खुर्चीत बसून कुठल्या पेशंटनंही वासला नसेल.

"ही पाटी आहे की दार?" एवढंच विचारून ते तरातरा निघून गेले.

ताईनं चष्मा कपाळावर चढवला. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"शनिवारपर्यंत ही पाटी दुकानातून गेली नाही, तर तू जाशील. ह्यांच्या बर्फाच्या कारखान्यात माणूस हवाच आहे."

बर्फाचा कारखाना! अहो, मला घरात कोणी फ्रिज उघडला तरी शिंका येतात. भाऊजींच्या कारखान्यात मी दोन दिवसांत गोठलेल्या माशासारखा कडक झालो असतो. पण घाबरतोय कोण?

"ताई, पाटी विकून दाखवतो!"

"कोणाला? दुसऱ्याचं नाव कोरलंय तिच्यावर!"

"त्याच नावाच्या माणसाला! हे बघ, शहरात वीस लाख माणसं. निम्मे पुरुष, म्हणजे दहा लाख. शंभर पुरुषांत हे नाव एकाचं तरी असतंच. झाले दहा हजार. हे आडनाव पाचशेत एकाचं. झाले वीस! वीस धनी आहेत या पाटीला!"

"शंभरात एक कशावरून?"

"अंदाज!"

"आणि पाचशेत एक?"

"तोही अंदाज!"

"म्हणजे अंदाजाला अंदाजानं गुणलंस."

"त्यालाच गणित म्हणतात!"

"दहावीला दोनदा बसलास ते याच गणितात," ताई म्हणाली.

पाटी पुसून काचेत उभी केली आणि खाली कागद चिकटवला : 'हे तुमचं नाव असेल, तर पाटी निम्म्या भावात!' (ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्यातल्या कोणाचं तेच निघालं, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं निस्तरायचं कोणी?)

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक बस ड्रायव्हर आत शिरला. लायसन काउंटरवर आपटून म्हणाला, "हा मी! बसमधून बघितलं, तर माझं नाव! गाडी तिथंच थांबवली."

बाहेर खरंच अख्खी बस उभी होती आणि आतली माणसं खिडक्यांतून ओरडत होती.

"एका खोलीचं घर आहे माझं," तो पाटीवरून हात फिरवत म्हणाला. "दारात मावायची नाही. भिंतीला लावीन. अहो, आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव एवढं मोठं बघतोय! या नावाचा मीच एकटा असणार, नाही का?"

तो खिशात हात घालत होता. ताई कानाशी कुजबुजली, "दे आणि मोकळा हो!"

पण मी कसला ऐकतोय! दुकानाबाहेर आणखी दोघं काचेला नाक लावून उभे दिसले होते. एक पाटी विकली असती, तर काय सिद्ध झालं असतं? एक! मला वीस सिद्ध करायचे होते. ताईसमोर!

"थांबा जरा," मी ड्रायव्हरला म्हणालो. "तुमच्याच नावाची माणसं येतायत. बसा."

"माझ्याच नावाची?" त्याचा हात खिशातच राहिला.

मग रीघच लागली. काठी टेकत एक म्हातारे संगीत मास्तर आले. एक सुतार आला. जुळ्या भावांपैकी एक आला, दुसरा नुसता गंमत बघायला. एक आजी तान्ह्या नातवाला घेऊन आल्या.

"एवढ्याशा बाळाला एवढी पाटी?" मी विचारलं.

"वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं असतं!" आजी म्हणाल्या.

मी सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि खणखणीत आवाजात ते नाव पुकारलं. सगळे एकदम "ओ!" म्हणाले. बाळानंही भोकाड पसरलं.

"बघ ताई! बघ!" मी टाळ्या पिटल्या. "म्हणे अंदाजाला अंदाजानं गुणलंस!"

तेवढ्यात दातांचे डॉक्टर लालबुंद होऊन आत आले. "माझं नाव निम्म्या भावात? पेशंट विचारतायत, डॉक्टर, दवाखाना विकला का? द्या ती पाटी! पूर्ण पैसे देतो!"

"अहो, ती आमची आहे," सुतार म्हणाला.

"तुमची? तुम्ही कोण?"

सुतारानं नाव सांगितलं. मग ड्रायव्हरनं. मग मास्तरांनी. बाळाचं आजींनी सांगितलं. डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

"एवढे?"

"वीस!" मी अभिमानानं म्हणालो. "बाकीचे यायचेत!"

मग मास्तर हळूच उठले. "सत्तर वर्षं ज्या नावाच्या ऐटीत जगलो, ते घाऊक निघालं! आता पाटी लावून काय करू?" त्यांचा आवाज इतका पडला की मलासुद्धा क्षणभर वाईट वाटलं.

"मलाही नको," ड्रायव्हर म्हणाला. सुतार म्हणाला नको, जुळा म्हणाला नको. "दुसरं नाव ठेवू गं बाई," म्हणत आजीही उठल्या. डॉक्टरांनी मास्तरांना हात दिला आणि सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, हसत, समोरच्या हॉटेलात चहाला गेले. मला कोणी 'येता का' म्हटलं नाही!

"सिद्ध झालं?" ताईनं विचारलं. चष्मा कपाळावर होता.

शनिवारी मी बर्फाच्या कारखान्यात होतो. पाटीही माझ्याबरोबर होती. पाच फूट गुळगुळीत पितळ! भाऊजींनी ती पालथी टाकून तिची घसरगुंडी केली आणि लाद्या ढकलायला मला उभं केलं. शिंकत, थरथरत मी दुपारपर्यंत ढकलत होतो. एका लादीनं पाटी उलटली. तिथला मुकादम ओणवा होऊन वाचायला लागला आणि एकदम ताठ झाला.

"माझ्या नावावर बर्फ घासतोस?"

आता ती पाटी मुकादमाच्या केबिनवर दिमाखात लागलेली आहे. फुकटात! ती रोज सकाळी घासून पुसून चकचकीत करायचं काम मुकादमानं माझ्यावरच टाकलंय. नाक गळत असतं, बोटं बधिर झालेली असतात, पण मान ताठ असते. मी पुसतो आणि मनात मोजतो. बाळ धरून सात झाले, हा सातवा! अजून तेरा बाकी आहेत. भेटतील, कुठे जातात!

गणित बरोबरच होतं, काय समजलात? आक्‌ छीऽऽ!