बिनपासवर्डची किल्ली आणि सासूबाईंचा नेम

"पासवर्ड? छे हो साहेब! पासवर्डचे दिवस गेले. मी आता नुसत्या किल्लीने आत जाते!"

शुक्रवारच्या बैठकीत वेळापत्रकबाईंनी हे असं काही ठणकावून सांगितलं, की साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. शहरातल्या सगळ्या बसगाड्यांचं वेळापत्रक बाईंच्या हातून बनायचं, म्हणून हे नाव. त्यांची स्वतःची बस मात्र नऊ वर्षांत एकदाही वेळेवर आली नव्हती, तो भाग वेगळा!

"किल्ली म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या घरच्या लॅपटॉपमध्ये एक गुप्त फाइल आहे. ऑफिसातला माझा कॉम्प्युटर तिला ओळखतो. मी घरून टकटक केलं की दार उघडतो. विचारणं नाही, पुसणं नाही!"

"बरं. सोमवारी करून दाखवा. तुमच्या हातून, घरून, नवं वेळापत्रक बाराच्या आत छापखान्यात पोचलं, तर पुढच्या महिन्यात पंधरा दिवस घरून काम करा. नाही पोचलं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही!"

ते पंधरा दिवस बाईंना हवेच होते. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायला घरात माणूस हवं होतं. नवरा दुपारपाळीचा, तो निम्मे थेंब घालणार, उरलेले कोण घालणार?

सोमवारी सकाळी नऊ वाजता बाई देवाला हात जोडून लॅपटॉपपुढे बसल्या. शेजारच्या खुर्चीत सासूबाई. त्या तीस वर्षं एका कारखान्यात भांडारपाल होत्या. नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळं त्यांच्या खिडकीतून जायचं. त्यामुळे कुठलंही काम चाललेलं दिसलं की त्यांची मान आपोआप लांब व्हायची. पण गेल्या वर्षीपासून त्यांनी नेम धरला होता: सकाळी अकरापर्यंत मौन. अगदी गॅसवर दूध उतू गेलं तरी त्या फक्त टाळ्या वाजवायच्या.

बाईंनी किल्ली लावली. काळी खिडकी उघडली. ऑफिसचा कॉम्प्युटर लगेच हजर!

"बघा आई! आहे की नाही जादू?"

सासूबाईंनी भुवया उंचावून दाद दिली.

वेळापत्रक होतं टी ड्राइव्हवर. टी ड्राइव्ह म्हणजे ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरचं सगळ्यांचं सामायिक कपाट; पण प्रत्येकाच्या कॉम्प्युटरला असं जोडलेलं, की आपल्याच टेबलाचा खण वाटावा. बाईंनी ऐटीत टी उघडायला सांगितला.

उत्तर आलं: असा ड्राइव्ह नाही.

"नाही म्हणजे? शुक्रवारी तर होता!" बाईंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. त्यांनी तो नव्याने जोडायचा हुकूम सोडला, तर कॉम्प्युटर म्हणाला, प्रवेश नाकारला! नऊ वर्षं रोज गळ्यात गळा घालणारी मैत्रीण रस्त्यात भेटावी आणि 'आपण कोण?' म्हणावी, तसं झालं.

बाईंनी संगणक विभागात फोन लावला. तिथल्या माणसाला सगळे रीस्टार्टराव म्हणत, कारण पंखा बिघडला तरी तो तेच सुचवायचा.

"रीस्टार्ट करा मॅडम."

केला. किल्लीने पुन्हा आत. टी नाही.

"थांबा, मी तुमच्या टेबलापाशी जातो." दोन मिनिटांनी त्याचा आवाज आला. "मॅडम, टी इथे आहे की! मी माझ्या नावाने बसलोय, मला ढळढळीत दिसतोय. फक्त तुमचा वेळापत्रकाचा फोल्डर मला उघडत नाही."

"तो माझ्याच नावाने उघडतो. पण मग मला का दिसत नाही? कॉम्प्युटर तोच!"

"कॉम्प्युटर तोच," रीस्टार्टराव विचारात पडला. "खोली तीच. वायर तीच. गंमतच आहे!"

बाईंची भीती तेवढ्यापुरती मागे सरली आणि कुतूहल पुढे आलं. खुर्चीत बसलं की दिसतो, घरून गेलं की नाही! म्हणजे कपाटाला घर आणि ऑफिस कळतं की काय? त्यांनी लॅपटॉप खिडकीपाशी नेला. मग स्वयंपाकघरात. तिथून पुन्हा हॉलमध्ये. पाठोपाठ सासूबाई. त्या लॅपटॉपकडे बोट करत होत्या, ओठांवर हात ठेवत होत्या, हाताने हवेत काहीतरी लिहीत होत्या.

"आई, डोळ्यांना त्रास होतोय का? पडा जरा!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. समोर किराण्याची यादी पडली होती. तिच्यावर त्यांनी घाईघाईने काहीतरी खरडलं आणि सुनेपुढे धरलं. बाईंचे डोळे पडद्यावर. "हो हो, यादी ना? अहो, ही घ्या, निघा!" म्हणत त्यांनी ती तशीच नवऱ्याच्या हातात कोंबली.

पावणेअकराला नवऱ्याचा फोन. "अगं, साखर घेतली, साबण घेतला. खाली आईने 'पासवर्ड' लिहिलंय. दुकानदार विचारतोय, लहान पुडा की मोठा?"

"काहीतरीच काय! साबण घेऊन घरी या!"

"तो म्हणतो, ही कंपनी आम्ही ठेवत नाही..."

बाईंनी फोन ठेवला आणि अजून त्यांच्या टेबलापाशीच असलेल्या रीस्टार्टरावला पुन्हा लावला. सव्वा तासात बारा! साहेबांचा चेहरा दिसू लागला, रिकामी खुर्ची दिसू लागली, थेंबांची बाटली घेऊन एकट्याच चाचपडणाऱ्या सासूबाई दिसू लागल्या.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि धरण फुटलं!

"अगं, पासवर्ड दे त्याला, पासवर्ड! तासभर घसा दाबून बसलेय मी! आमच्या कारखान्यात फाटकावरचा वॉचमन ओळखीच्या माणसाला आत सोडायचा. पण तोच माणूस माझ्या खिडकीशी आला की मी सही घेतल्याशिवाय खिळासुद्धा देत नव्हते. वॉचमनने सोडलं ते त्याच्या ओळखीवर, मला त्याचं काय? तू किल्लीने फाटकातून शिरलीस, तोंडातून शब्द काढला नाहीस. मग आतल्या भांडाराला दाखवायला तुझ्या कॉम्प्युटरकडे आहे काय? रोज ऑफिसात सकाळी पासवर्ड टाकतेस ना? तोच तो पुढे दाखवत असणार!"

फोनवरून रीस्टार्टराव ओरडला, "मॅडम, बरोबर आहे! कोण आहेत या?"

"सासूबाई!" बाई आनंदाने किंचाळल्या. ड्राइव्ह जोडताना नाव आणि पासवर्ड टाकायचा, बस! त्यांनी टाकला. चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. आणि त्यांचा चेहरा उतरला.

पासवर्डचे शब्द पाठ होते. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती, म्हणून बाई फक्त शेवटचा आकडा वाढवायच्या. सात नव्हता, आठ नव्हता. सहा की नऊ? तिसऱ्यांदा चुकलं की खातं दिवसभर बंद!

"ऐका," बाई फोनवर कुजबुजल्या. "माझ्या कीबोर्डखाली चिठ्ठी आहे. फक्त शेवटचा आकडा सांगा. फक्त आकडा!"

टाइप करायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून फोन स्पीकरवर होता, हे त्या विसरल्या. रीस्टार्टराव कामाचा पक्का. त्याने खणखणीत आवाजात वाचलं:

"आई. किती. बोलतात. नऊ!"



बाईंनी मान खाली घालून टाइप केलं. टी ड्राइव्ह अलगद उघडला. अकरा वाजून बावीस मिनिटांनी वेळापत्रक छापखान्यात होतं आणि साडेअकराला साहेबांचा निरोप: मंजूर!

"नऊ का गं?" सासूबाईंनी मऊपणे विचारलं.

"दर तीन महिन्यांनी... वाढवावा लागतो, आई."

"नऊ त्रिक सत्तावीस." भांडारपालाचा हिशेब कधी चुकायचा नाही. "मी इथे राहायला आले त्यालाही सत्तावीसच महिने झाले."

"आई, मी तेव्हा चिडून..."

"मला माहीत आहे गं मी किती बोलते. म्हणून तर नेम धरला. पण किल्ली कुणी कीबोर्डखाली ठेवतं का?"

दुसऱ्या दिवशी बाईंना सुट्टी होती. सकाळी लॅपटॉपवर चिठ्ठी होती: 'पासवर्ड बदल. दहा नको. थेंब घालताना मी गप्प बसेन.' बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे नवा पासवर्ड ठेवला, 'आईंनीच सोडवलं', आणि तो सासूबाईंना वाचून दाखवला.

अकरा वाजता सासूबाईंचा नेम सुटला. किल्ल्या कशा सांभाळाव्यात, चिठ्ठ्या कुठे ठेवू नयेत आणि त्यांच्या भांडारात तीस वर्षांत एकही बोल्ट कसा हरवला नाही, हे त्यांनी सुनेला समजावून सांगायला घेतलं. बोल्ट संपून वॉशर सुरू झाले तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी हळूच लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड पुन्हा बदलला.

चिठ्ठी मात्र लिहिली नाही. शेवटी दहा आहे, हे आता त्यांना पक्कं पाठ आहे!