एका गौरवप्राप्त अंधाराची हकीकत

न कळलेल्या गोष्टीचा आदर करणे हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण होय. या बाबतीत कोल्हापूर बरेच मागे होते. इथे रस्सा अळणी झाला तर यजमानाच्या तोंडावर अळणी म्हणतात आणि कुस्ती आधीच ठरवलेली, नुरा वाटली तर मैदानातच तसे ओरडतात. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘तिसरी खिडकी’ मंडळाने स्वतंत्र चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. (स्वतंत्र चित्रपट म्हणजे ज्याला थिएटर मिळत नाही तो.) मंडळाचे अध्यक्ष विजयसिंह सर हे निवृत्त प्राध्यापक. त्यांना न कळलेल्या चित्रपटांची संख्या जिल्ह्यात सर्वाधिक असल्याने निवड बिनविरोध झाली.

यंदा जवळच्याच गडमुडशिंगी गावच्या तेजस्वी या तरुण दिग्दर्शिकेचा ‘उंबऱ्याआतली’ हा चित्रपट निवडला गेला. प्रकार : गॉथिक मानसशास्त्रीय नाट्य. गॉथिक म्हणजे काय, याचा खुलासा माहितीपुस्तिकेत होता. तो वाचल्यावर ज्यांना आधी थोडेफार कळत होते त्यांचेही कळणे थांबले. गोष्ट तशी साधी. दगडी बंगल्यात एकटी राहणारी बाई. माडीवर कुणीतरी चालल्याचे तिला सारखे ऐकू येते. एकदा ती जिना चढून जाते, तर वर फक्त एक आरसा असतो.

या भूमिकेसाठी पुण्याची एक नटी ठरली होती. तिने बंगल्यातले संडास पाहिले आणि ती परत गेली. तेव्हा तेजस्वीने आपल्या आईला, बायडाबाईंना, उभे केले. बायडाबाईंना म्हशींखेरीज कुणासमोर वावरण्याची सवय नव्हती. पटकथेत आरशाच्या प्रसंगात एवढेच होते, की बाई आरशात बघते. बायडाबाईंनी बघितले, “क्रांते,” म्हणाल्या आणि रडू लागल्या. क्रांती ही त्यांची थोरली मुलगी, तापाने गेलेली. तेव्हा घर पैपाहुण्यांनी भरले होते, म्हशींची धार काढायची होती, म्हणून रडणे राहून गेले. पुढे तसा खास प्रसंग आला नाही. तेजस्वीने कॅमेरा बंद केला नाही. तिचे वडील पिराजी त्या वेळी गोठ्यात होते, त्यामुळे त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

प्रदर्शन दुपारच्या जेवणानंतर ठेवले होते. बायडाबाई, पिराजी, चुलते आकाराम आणि निम्मी गल्ली टेम्पोतून आली. विजयसिंह सरांनी प्रास्ताविकात बजावले, “या चित्रपटातली भीती बाहेरची नाही, आतली आहे. अंधाराशी तुम्हाला मैत्री करावी लागेल.”

पडद्यावर बायडाबाई जिना चढू लागल्या आणि सभागृहातली वीज गेली.

प्रोजेक्टर बंद, स्पीकर बंद, पंखे हळूहळू बंद. लॅपटॉप मात्र बॅटरीवर असल्याने चित्रपट आतल्या आत सुरूच राहिला. सभागृहात कुणी हलले नाही. आकाराम तेवढे ओरडले, “आरं, लाईट गेली की!”

पुढच्या रांगेतून आवाज आला, “पावणं, गप्प बसा. चित्रपट चालू आहे.”

उपस्थितांपैकी सुमारे निम्मे या काळात स्तब्ध होते आणि पाव हिस्सा अंतर्मुख. (उरलेले झोपले होते. त्यांची गणना अंतर्मुखांत करण्यात आली.) वीज आली तेव्हा पडद्यावर बायडाबाई डोळे पुसत जिना उतरत होत्या. मागे जाऊन सुटलेला भाग दाखवावा, तर पुढच्या हंगेरियन चित्रपटाला उशीर झाला असता. म्हणून तसे केले गेले नाही.

परीक्षक सरोजिनीताई चर्चेत बोलायला उठल्या तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. “तो पूर्ण काळोख! तो मंदावत जाणारा पंख्याचा आवाज! अंगावर सुटलेला तो घाम! मला माझं मरण दिसलं.” सर्वोत्कृष्ट दृश्याचा पुरस्कार त्या अंधाराला एकमताने देण्यात आला.

तेजस्वी व्यासपीठावर आली. स्मृतिचिन्ह तिने घेतले नाही. “सर, ती लाईट गेलती. तिथं माझ्या आईचा सीन हाय.”

टाळ्या झाल्या.

“खरंच गेलती, सर!”

टाळ्या वाढल्या. सर माइकवर म्हणाले, “बघा, चित्रपट संपल्यावरही ही मुलगी आपल्याला संभ्रमातून सोडत नाही.”

मग बायडाबाई खुर्चीतून उठल्या. “आवो सर, मी तिथं रडलीया. तेवढं दावा की.”

सरोजिनीताईंनी प्रेमाने समजूत घातली, “मावशी, तुमचं न दिसणं हेच तर तुमचं मोठेपण आहे.”

मावशींना हे मोठेपण झेपले नाही. त्या मटकन खाली बसल्या. शेजारी पिराजी त्यांच्याकडेच बघत होते.

“तू कवा रडलीस?”

“क्रांतीसाठनं,” बायडाबाई म्हणाल्या.

पिराजी उठले आणि लेकीला म्हणाले, “चल भाईर. मला दाव.”

टेम्पोच्या हौद्यात तेजस्वीने लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा दिसेना, म्हणून पिराजींनी खांद्यावरचा टॉवेल आपल्या आणि बायकोच्या डोक्यावर ओढून घेतला. सर्दी झाल्यावर वाफ घेतात, तसे दोघे आत वाकून बसले. तेजस्वी बाहेर उभी राहिली. टॉवेलखालून बायडाबाईंचे पडद्यावरचे रडणे ऐकू येत होते. थोड्या वेळाने त्यात आणखी एक आवाज मिसळला, तो चित्रपटातला नव्हता. आकारामांनी गल्लीला पलीकडे उसाचा रस प्यायला नेले.

पिराजींनी टॉवेल बाजूला केला तेव्हा चेहरा ओला होता. “लई उकडतंय आत,” ते म्हणाले. मग बायकोचा हात न सोडता लेकीला म्हणाले, “पुन्यांदा लाव.”

‘उंबऱ्याआतली’ला आता ठिकठिकाणच्या महोत्सवांतून मागणी आहे. सर्वांना अंधाराची आवृत्ती हवी असते. तेजस्वी आईच्या प्रसंगासह पाठवते आणि आयोजक सखेद नकार कळवतात. त्यात भावना फार उघड आहेत, असे त्यांचे म्हणणे पडते.

तरीही मंडळाने पुढच्या वर्षी मूळ चित्रपट दाखवण्याची तयारी ठेवली असून इच्छुकांनी नावे द्यावीत असे आवाहन केले आहे. अद्याप एकही नाव आलेले नाही. आपणही देणार नाही, हे मंडळाने गृहीत धरले आहे. ही हकीकत वाचताना आपले डोळे किंचित पाणावले असतील, तो प्रसंग पाहिल्यासारखाही वाटला असेल. बायडाबाईंना पाहण्याची आपल्याला आता गरज उरलेली नाही.